‘शेख’ शोधून शेख सापडत नाही

महाभूलेखवर जा, यावल तालुक्यातलं एखादं गाव निवडा आणि सातबारा नावाने शोधायला घ्या. पर्याय येतात: पहिले नाव, मधील नाव, आडनाव. आता सांगा, ‘शेख रहीम शेख करीम’ या माणसाचं आडनाव काय? खानदेशात असं नाव लिहायची पद्धत आजही आहे. आधी शेख, मग स्वतःचं नाव, परत शेख, मग वडिलांचं. एखादा लिहिणारा ‘करीम’ला आडनाव धरतो. रहीमची बायको ‘शकीलाबी शेख रहीम’, म्हणजे तिचं आडनाव ‘रहीम’. पोरगा नोकरीला पुण्यात गेला की ‘युसूफ रहीम शेख’. घर एक आणि आडनावाच्या रकान्यात तीन वेगळे शब्द.

यावर आपल्याकडे हसून म्हणतात, ‘काय करणार, आपल्यात सगळेच शेख नाहीतर खान.’ या हसण्याची किंमत अ‍ॅडमिशनच्या वेळी कळते. मोमीन, पिंजारी, बागवान, मण्यार, तांबोळी या बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. मुस्लिम ओबीसींसाठी शब्बीर अन्सारींनी राज्यभर चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्या पाठीशी उभा राहिला. पण दाखल्याला पुरावा लागतो, तोही १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे दादा-परदादाची शाळेच्या रजिस्टरातली नोंद, नाहीतर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची. ती हाती लागली तरी जातीच्या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द असतो, ‘मुसलमान’. मग ज्याच्यापुढे ‘पिंजारी’ लिहिलंय असा चुलत आजोबा शोधायचा आणि तो आपलाच हे वंशावळीने सिद्ध करायचं. हजार शेखांतून.

मी डेटाबेसवर काम करतो. दोन याद्यांतली माणसं एकच आहेत का, हे ठरवायचं गणित फेलेगी आणि सन्टर यांनी १९६९ साली मांडलं. त्याचा गाभा सोपा आहे: विरळ गोष्ट जुळली तर वजन जास्त, सर्रास आढळणारी जुळली तर जवळपास शून्य. ‘शेख’ जुळलं म्हणजे काहीच जुळलं नाही. वजन आहे वडिलांच्या नावाला, गावाला, धंद्याला. ही अडचण एकट्या आपलीही नाही. कोरियात साधारण पाचातला एक माणूस किम असतो, पण तिथे आडनावासोबत मूळ गाव लागतं, गिम्हेचे किम वेगळे आणि ग्योंगजूचे वेगळे. पूर्व युरोपातल्या ज्यूंची नावं अमेरिकन साउंडेक्समध्ये नीट बसेनात, तेव्हा डेच आणि मोकोटॉफ या दोघांनी १९८५ साली आपल्या नावांसाठी वेगळी उच्चारपद्धती तयार केली. कुणा सरकारची वाट बघितली नाही. आपली किती पोरं आज पुण्या-बंगळुरात कोड लिहितात? ‘शेख रहीम शेख करीम’ नीट वाचणारा प्रोग्राम लिहायला फार तर दोन रविवार जातील.

धंद्यापाशी मात्र आपण अडतो, आणि इथे माझी तक्रार संगणकाशी नाही. खानदेश कापसाचा मुलूख, इथे पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा. पुढे तोच मन्सुरी झाला, मन्सूर अल-हल्लाजच्या नावावरून. (‘हल्लाज’चा अर्थही कापूस पिंजणाराच, पण हे सांगितलं की काही लोकांना राग येतो.) जुलाहे अन्सारी झाले, कसाई कुरेशी झाले. इज्जतीसाठी झाले, तो त्यांचा हक्क होता. पण आज तुम्ही जुन्या वहीत ‘अन्सारी’ शोधता आणि नोंद ‘जुलाहा’ म्हणून पडून असते. जे नुसतेच शेख झाले त्यांनी तर दोरच कापून टाकला. सभेत आपण ठासून सांगतो, इस्लाममध्ये जात नाही. सोयरीक बघताना पहिला प्रश्न बिरादरीचा. म्हणजे जात लपवली ती फक्त कागदावर, जिथे तिचा काही उपयोग होता. यावल-रावेरचे तडवी बघा. धर्माने मुसलमान आहेत, नावात ‘तडवी’ राखलं आहे, आणि जुन्या कागदात तो शब्द शोधता येतो.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभरातली जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचणारे बसवले, कुणबीच्या ५० लाखांहून जास्त नोंदी काढल्या आणि त्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या. चांगलं केलं. पण गाव कापसाचं असेल तर ज्या वहीत कुणबी सापडला त्याच वहीत पिंजारीही असणार. पान उघडलेलंच होतं, त्याची ओळ तेवढी सोडून दिली. पूर्ण वही गावाच्या आणि वडिलांच्या नावासह टंकित करा, ही मागणी कुणब्यांच्या विरोधात नाही. अट एकच: १९६७ पूर्वीच्याच नोंदी हव्यात, आणि धर्म टाकला की अख्ख्या गावाची यादी बाहेर पडेल अशी सोय तिच्यात नको. ती कुणाच्या हातात जाईल हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तोवर आडनाव सोडून शोधा. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. शहाद्याच्या परदादाचा कागद त्यामुळे धुळ्यातही असू शकतो. आणि शाळेत अर्ज द्याल तेव्हा एकट्या दादाची नोंद मागू नका, त्याच्या सगळ्या भावांची मागा. एकापुढे मास्तरांनी ‘मुसलमान’ लिहिलं असेल आणि दुसऱ्यापुढे, चार वर्षांनी, दुसऱ्या मास्तरांनी ‘पिंजारी’.