पॅलेट दुरुस्ती कामगारांचे मागणीपत्र : ‘बाद’ म्हणण्याचा हक्क

प्रति,
गोदामचालक कंपन्या, पॅलेट यार्डांचे मालक आणि ठेकेदार, भिवंडी व उरण परिसर
प्रत माहितीसाठी : कामगार आयुक्त कार्यालय; औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय

महोदय,

मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळकडची गोदामे घ्या किंवा जेएनपीए बंदराच्या आसपासचे कंटेनर यार्ड घ्या, तिथला बहुतेक माल पॅलेटवर बसूनच हलतो. ते पॅलेट मोडले की आमच्याकडे येते. हजेरीपुस्तकात आमची नोंद मात्र ‘हेल्पर’ अशी असते. या नोंदीपासूनच आमच्या बहुतेक तक्रारी सुरू होतात.

काम लांबून सोपे दिसते : तुटलेली पट्टी काढा, नवी ठोका. प्रत्यक्षात पॅलेट उलटे केल्यावर कारागीर आधी कडेची पट्टी बघतो, कारण फोर्कलिफ्टचे दात घाईत घुसतात तेव्हा पहिला मार तिलाच बसतो. मग पट्ट्यांमधले ठोकळे, म्हणजे गुटके. गुटक्याला उभी चीर असेल आणि त्यातला खिळा बोटाने हलत असेल, तर वरच्या पट्ट्या कितीही कोऱ्या असोत, तो गुटका बदलल्याशिवाय त्या पॅलेटवर भरवसा ठेवता येत नाही. करवतीचे पाते फटीत घालून खिळे कापायचे, उरलेली टोके आत ठोकायची, जुन्या जाडीला जुळणारी पट्टी शोधायची. नवा खिळा जुन्या भोकात जाऊ द्यायचा नाही आणि पट्टीच्या टोकाजवळही मारायचा नाही, नाहीतर पट्टी तिथल्या तिथे फाटते. युरोपातल्या ईपॅल पॅलेटला 11 फळ्या, 9 गुटके आणि 78 खिळे असे ठरलेले आहे. आमच्याकडे येणाऱ्या पॅलेटमध्ये पाइन, रबरवुड, निलगिरी, बाभूळ असे काहीही निघते, कधी एकाच पॅलेटमध्ये दोन-तीन जातींचे लाकूड. म्हणून इथे कारागिराची नजर हेच माप. असे काम हेल्परचे नव्हे. आमची गणना कुशल कामगारांत करावी आणि किमान वेतन त्याच दराने द्यावे.

आता मुख्य मागणीकडे येतो. बाकीच्या मागण्यांवर बोलणी होऊ शकतील, हिच्यावर नाही.

बहुतेक यार्डांत मजुरी नगावर आहे, आणि नग म्हणजे दुरुस्त होऊन ‘पास’ झालेले पॅलेट. कारागिराने पॅलेट उचलले, उलटले, तपासले आणि ते दुरुस्तीपलीकडचे आहे असे ठरवले, तर त्याला त्या पॅलेटचा एक पैसाही मिळत नाही. वर ते सोडवून चांगल्या पट्ट्या वेगळ्या काढायचे कामही त्याच्याच माथी. त्या पट्ट्या मालक पुन्हा वापरतो. म्हणजे खरे बोलले की त्या वेळेची मजुरी बुडते, आणि चिरलेल्या गुटक्यात दोन खिळे जास्त मारून ते पुढे ढकलले की मिळते. कारागिरांच्या सचोटीवर आम्हाला विश्वास आहे, पण सचोटीची किंमत रोज कारागिराच्याच खिशातून वसूल करणारी पद्धत टिकाऊ नाही, हे कोणीही कबूल करील.

पुढे ते पॅलेट कुठे जाते याचा विचार करा. साध्या रॅकमध्ये पॅलेट पुढच्या आणि मागच्या अशा दोन आडव्या बीमवर टेकते. मधला भाग अधांतरी. टनभर माल वरच्या कप्प्यात असा उभा असतो आणि खालून ऑर्डर गोळा करणारी मुलेमुली हातात स्कॅनर घेऊन ये-जा करतात. त्यांच्या डोक्यावरचे पॅलेट कोणी आणि कोणत्या दबावाखाली पास केले, हे त्यांना कुठून कळणार?

तेव्हा मागणी अशी : बाद ठरवलेल्या प्रत्येक पॅलेटची तपासणी-मजुरी द्यावी, आणि ते सोडवल्यास सोडवण्याची मजुरी वेगळी. कारागिराने बाद केलेले पॅलेट सुपरवायझरला पास करून घ्यायचे असेल, तर त्याने स्वतःच्या सहीने करावे. मालक म्हणतील, मग कामगार सगळाच माल बाद करत सुटतील. तसे होणार नाही, कारण तपासणीचा दर सर्वांत हलक्या दुरुस्तीच्या दरापेक्षा कमीच ठेवा असे आम्हीच सुचवतो. शिवाय बाद पॅलेटवर खडूने कारण लिहून ते वेगळ्या थप्पीत पाळी संपेपर्यंत ठेवावे. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावे.

निर्यातीच्या पॅलेटवरच्या शिक्क्याचा प्रश्न याच जातीचा आहे. आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटे तापवले, की त्यावर गव्हाच्या कणसाचे चिन्ह, देशाचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि ‘एचटी’ असा शिक्का बसतो. दुरुस्तीत घातलेली पट्टीही प्रक्रिया केलेलीच लागते आणि तिच्यावर तिचा स्वतंत्र शिक्का लागतो. साधारण एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला, तर जुने शिक्के खोडून सगळ्या पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करावी लागते. गाडी दारात उभी असली की ‘लाव कुठलीही पट्टी, शिक्का आहेच जुना’ असे तोंडी फर्मान सुटते. परदेशी बंदरात माल अडला की मात्र ती पट्टी कोणी ठोकली याची चौकशी यार्डात होते. यापुढे असा हुकूम लेखी द्यावा. तो नाकारणाऱ्याला घरी बसवू नये. प्रक्रिया केलेल्या पट्ट्यांचा ढीग वेगळा, छपराखाली असावा.

जिवाच्या गोष्टी थोडक्यात. नेलगन एका ट्रिगरवर एकच खिळा सोडणारी असावी. तोंड नुसते टेकताच खिळा सोडणारी गन वेगाच्या नावाखाली देऊ नये. अडकलेला खिळा काढताना आधी हवेची नळी काढायची, हा नियम आहे, पण नगाच्या घाईत तो पाळायला वेळ दिला जात नाही. चष्मा, कानाचे संरक्षण, पोलादी टोकाचे आणि जाड तळव्याचे बूट मालकाने द्यावेत, मजुरीतून कापू नयेत. धनुर्वाताची लस वेळेवर टोचावी. करवतीपाशी भुसा ओढणारा पंखा हवा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे आणि आमच्याकडे तोंडाला बांधायला असतो फक्त स्वतःचा रुमाल. पावसाळ्यात भिजलेले पॅलेट फार जड होते. ते दोघांनी उचलायचे, आणि थप्पी डोक्याच्या वर हाताने लावायची नाही.

रसायनांच्या ड्रमखालून आलेल्या, डाग पडलेल्या पॅलेटवर आधी काय होते ते कळल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. मिथाइल ब्रोमाइडने धुरी दिलेली थप्पीही वायू निघून गेल्याचा दाखला लटकवल्याशिवाय उघडणार नाही. त्या वायूला रंग नाही आणि वासही जवळजवळ नाही, त्यामुळे ‘वास येत नाही, उघडा’ या सल्ल्याला अर्थ नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यायचे आहे. ही तिन्ही आम्हाला द्यावीत. पण त्याच संहितांनी विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी 20 कामगारांची आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी 50 कामगारांची अट ठेवली आहे. एका छपराखाली, एकाच कंप्रेसरवर काम करणारी माणसे कागदावर तीन ठेकेदारांत वाटली, की प्रत्येक ठेकेदार अटीच्या खाली राहतो. हा हिशेब आम्हालाही कळतो. आवारातले सर्व कामगार एकत्र मोजावेत, ईएसआय आणि भविष्य निर्वाह निधी सर्वांना लागू करावा, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर जिची पॅलेट आहेत त्या कंपनीने ती द्यावी.

आणखी एक. काम कमी असले की मुकादम आम्हाला गाडी खाली करायला पाठवतो. मालाची चढ-उतार आणि थप्पी लावणे हे माथाडींचे काम आहे. 1969 च्या माथाडी कायद्यामागे त्यांचा मोठा लढा आहे. त्यांच्या हक्काचे काम आमच्याकडून स्वस्तात करून घेऊ नये. काम नसलेल्या वेळेची हजेरी मात्र आम्हाला द्यावी.

सूचनाफलक मराठी आणि हिंदी दोन्हींत लावावेत. प्यायचे पाणी आणि हात धुवायला साबण असावा, हेही मागावे लागते याची नोंद घ्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत मालक, ठेकेदार आणि कामगार प्रतिनिधी यांची एकत्र बैठक बोलवावी. बैठकीत पहिला विषय बाद पॅलेटच्या मजुरीचा असावा. तोवर काम चालू राहील. चिरलेल्या गुटक्याचे पॅलेट मात्र आमच्यापैकी कोणी पास करणार नाही.

आपले,
पॅलेट दुरुस्ती कामगार