माळावर खड्डे खणू नका, गवत राखा

मृग लागला की गावोगावी वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. हेतू चांगलाच असतो. पण जागा शोधताना सगळ्यांची नजर माळरानाकडे वळते, कारण दप्तरी ते पडीक. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, साताऱ्याच्या पर्जन्यछायेतला हा माळ कधीच ओसाड नव्हता. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा. इथे गवतच तग धरते. पवन्या, मारवेल, डोंगरी या गवतांवर गावची गुरे आणि धनगरांच्या दख्खनी मेंढ्या पोसल्या गेल्या. काळवीट, खोकड, लांडगा, धाविक यांचे घरही हेच. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले. आज तिथेही माळढोक दिसणे दुर्मीळ आहे.

माळ हळूहळू मरतो. पावसाळ्यात गवत फुटते न फुटते तोच गुरे सोडली, की ती आधी गोड पवन्या खुडतात. त्याला तुरा येत नाही, बी पडत नाही. मग त्याच्या जागी कुसळी माजते. तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत शिरून कातडीला टोचतात. पुढे जमीन उघडी पडते आणि गाजर गवत, घाणेरी, वेडी बाभूळ पाय पसरतात. १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आलेले गाजर गवत आज देशभर आहे.

यावर उपाय आहे आणि तो गावाच्या हातात आहे. हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, गवत विळ्याने कापून नेण्याची शिस्त लावली आणि डोंगर पुन्हा हिरवा झाला. प्रत्येक गावाला कायमची बंदी नको, पण पाळी हवी. कुरणाचे चार भाग करा. दरवर्षी एक भाग पावसाळाभर राखा, बी झडल्यावरच तिथे विळा लावा. पाळी ठरवताना मेंढपाळांनाही बोलवा; माळ त्यांच्याइतका कोणी ओळखत नाही.

बी घरचेच धरा. दिवाळीच्या आसपास पवन्याचा तुरा पिवळा पडला की तो मुठीत धरून हलकेच वर ओढायचा. पिकलेले बी हातात येते, कच्चे काडीलाच राहते. हाती आलेले बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून पुढच्या जूनपर्यंत थांबा. मग ओलसर माती-शेणखतात कालवून फोका आणि वर जेमतेम माती ओढा. खोल गेलेले बी वर येत नाही. मारवेल ठोंबांनीही लागतो.

गाजर गवत फुलायच्या आत, जमीन ओली असताना, हाताला कापड गुंडाळून मुळासकट उपटा. वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटते. तिचा बुंधा खणूनच काढावा लागतो. झाडे जरूर लावा, पण ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचे आणि पशुपालकांचे वर्ष ठरवले आहे. आपल्या ग्रामसभेने आता थांबण्याचे कारण नाही. तरुण मंडळांनो, बचत गटांच्या ताईंनो, सरपंचांनो, येत्या सभेत एवढा ठराव मांडाच: कुरणाचा एक भाग यंदापासून राखीव आणि माळावर एकही खड्डा नाही.