सोंगांना मंच कशाला?

आमच्या मोखाड्याच्या बोहाड्यावर अलीकडे सुशिक्षितांची कृपादृष्टी वळली आहे, आणि मला धास्ती वाटते ती ह्या कृपेचीच. उपेक्षा आम्ही पुष्कळ सोसली. तिने बोहाडा मेला नाही.

सूचना येतात त्या अशा : रात्रभर जागरण कशाला, दोन तासांत आटपा. रस्त्यावर धूळ फार. एक मंच बांधा. तिथीचा हट्ट सोडून शनिवार-रविवार धरा, म्हणजे मुंबई-नाशिकचे पाहुणे येतील. बोलणारी माणसे दुष्ट नव्हेत. त्यांना बोहाडा मनापासून आवडतो. फक्त तो बोहाडा नसावा, एवढीच त्यांची अट!

संबळ घुमू लागते आणि गणपती, सरस्वती असे एकेक सोंग भर रस्त्यातून नाचत येते. रावणाचा दहा तोंडांचा पसारा पेलताना नाचणाऱ्याच्या मानेची कसोटी लागते. शेवटी देवी महिषासुराला मारते. सोंग आणि बघे ह्यांच्यात दोरी नसते. राक्षस अंगावर आला की पोरे किंचाळत मागे पळतात आणि लगेच पुन्हा पुढे घुसतात. आता मंच बांधा. मंचापुढे खुर्च्या येतील, खुर्च्यांवर पाहुणे येतील, आणि ज्यांचा उत्सव ते दोरीपलीकडे टाचा उंचावून उभे राहतील.

तिथीचे दुखणे तर ह्याहून खोल आहे. मोखाडा-जव्हारची कितीतरी घरे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. वर्षाच्या मजुरीतून होळीच्या सुमारास गावाकडे पाय वळतात. हे दिवस त्यांना पंचांगावरून पाठ असतात. सोयीचा शनिवार त्यांना कोण कळवणार? पाहुण्यांच्या सुट्टीसाठी तिथी हलवली, तर ज्यांना सुट्टीच नाही त्यांची वर्षातली एक रात्र जाईल.

ह्यावर कोणी म्हणेल, हा जुन्याचा आंधळा कैवार. मुळीच नाही. टेंभे जाऊन विजेचे दिवे आले. कोणाचे काही बिघडले नाही. कागदाच्या लगद्याचे मुखवटे शहरातल्या दिवाणखान्यांत जातात. कारागिराला चार पैसे मिळोत. शहरात वीस मिनिटांचा खेळ करून कोणी मानधन आणले, तर तेही रास्तच. पण तो खेळ गावच्या रात्रीचा नमुना आहे. नमुन्याच्या मापाने मूळ कापड कापायचे नसते.

ज्यांना बोहाड्याची खरी कळकळ आहे, त्यांनी तिथीला यावे, धुळीत उभे राहावे, पहाटेपर्यंत थांबावे. आणि काही द्यायचेच असेल, तर मंच नको, इथल्या हातांना इथेच काम द्या. २०१४ साली ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या, भट्टीची वाट काही सुटली नाही. ती सुटली, तर सोंगे कशी नाचवायची ते आमचे आम्ही पाहून घेऊ.