लकव्यानंतरची शाळा

घरातील वडीलधाऱ्या माणसास लकवा झाला, की सर्वांचे लक्ष त्याच्या हातापायांकडे लागते. काठी टेकीत ते माणूस अंगणापर्यंत आले, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु आघात झालेला असतो तो मेंदूवर. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, की तेथील पेशी मरतात. त्यामुळे कित्येकांची स्मरणशक्ती, अवधान आणि कामाचा क्रम लावण्याची शक्तीही दुबळी होते. ही इजा डोळ्यांस दिसत नाही, आणि म्हणूनच ती घरात कलहाचे कारण होते.

सुरतेस आमचे एक स्नेही राहतात. उधना व लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे कापडधंद्यावर पोट भरतात. त्यांपैकीच हे एक. झटक्यानंतर ते चालू लागले. पण दुकानात दिलेले पैसे विसरावेत, सदऱ्याची गुंडी लावता लावता थांबावे, एकच प्रश्न चारदा विचारावा, असे होऊ लागले. ‘मुद्दाम करतात,’ असे मुले म्हणत. शेवटी या मानी गृहस्थांनी बोलणेच सोडले.

त्यांच्याबरोबर आम्ही एके सकाळी उपचाराच्या वर्गास गेलो. सहा-सात रुग्ण वर्तुळात बसले होते. प्रथम प्रत्येकाने आपले नाव, वार व तारीख सांगितली. मग चेंडू ज्याच्या हाती येईल त्याने एका भाजीचे नाव घ्यावयाचे. नंतर ताटातील आठ वस्तू झाकून आठवावयाच्या, आणि अखेरीस शंभर रुपयांचा बाजार मांडावयाचा. आमचे स्नेही वांग्यापाशी अडले. शेजारच्या गुजराती आजीबाईंनी हळूच ‘रींगण’ म्हणून सुचविले. सारे हसले, आणि कित्येक दिवसांनी तेही हसले. घरी चूक त्यांची एकट्याची होती. येथे ती सर्वांची होती.

अशा बैठकींचा अभ्यासही झालेला आहे. ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आठवड्यातून दोनदा, अशा एकूण १४ बैठकींची पद्धत पारखून २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बैठकींना येणाऱ्यांची बुद्धी न येणाऱ्यांपेक्षा बरी राहिली. लकव्याच्या रुग्णांबाबत पुरावा अजून तितका भक्कम नाही; तेव्हा गेलेली स्मृती जशीच्या तशी परत आणून देतो, असे कोणी म्हटल्यास भुलू नये. पण सराव, वहीतील टिपण आणि चार माणसांची सोबत यांनी रोजचे जगणे सावरता येते.

सुरतेस नव्या सिव्हिल रुग्णालयाच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. आपल्याकडेही मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. तेथे चौकशी करावी. गावात वर्ग नसला, तरी ओटी आहे. दोन शेजारी बोलवावेत, पत्त्यांचा डाव मांडावा, बाजाराची यादी रुग्णाकडून करवून घ्यावी. मात्र परीक्षा घेऊ नये, आणि तो थकला की थांबावे.

तोंड अचानक वाकडे झाले, हात गळाला किंवा बोबडी वळली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आमचे स्नेही आता खिशात यादी घालून भाजी आणावयास जातात. कधी एखादी जिन्नस राहते. ‘मुद्दाम करतात,’ असे मात्र आता घरात कोणी म्हणत नाही.