स्वस्त तिकीट कोणाच्या पासपोर्टाला?

युरोपला निघालेल्या माणसाला हल्ली जो तो एकच सल्ला देतो. रेल्वेची तिकिटे दोन-तीन महिने आधी काढून ठेव, निम्म्याहून कमी किमतीत पडतात. सल्ला चुकीचा नाही. पण तो आपल्या हातातल्या पासपोर्टाला कितपत लागू पडतो, हे सांगणारा बघत नाही.

आपल्याकडे रेल्वेचे भाडे मुख्यतः अंतरावर आणि वर्गावर ठरते. मडगाव ते मुंबई स्लीपरचे भाडे आज काढा नाहीतर महिन्याने, सारखेच. (राजधानी-शताब्दीत 2016 पासून आसने भरतील तसे भाडे चढते, तो वेगळा प्रकार.) तिकडच्या वेगवान गाड्यांचे भाडे मात्र विमानासारखे. जर्मनीतले ‘सुपर स्पारप्राइस’ घ्या की इटलीतले ‘सुपर इकॉनॉमी’, मासला एकच: ठरावीक गाडी, ठरावीक दिवस आणि परतावा नाही. आपण साधे कन्फर्म तिकीट वेळेत रद्द केले तर थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात, ही सवय अंगात भिनलेली असते. तिथे तिकीट सोडले की पैसे गेले.

आता व्हिसाचे बघू. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णय साधारण 15 दिवसांत यावा असा नियम आहे, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्याआधी अर्ज देण्याची तारीख मिळायला हवी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती मिळवणे म्हणजे चतुर्थीला मुंबईहून गावी येणाऱ्या गाडीचे तिकीट मिळवण्यासारखे. कित्येक देशांसाठी मुंबईची खेप वेगळी. जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो शुल्क, तेही नकार आला तरी परत नाही. म्हणजे तिकिटे स्वस्त असतात तेव्हा आपला पासपोर्ट वकिलातीच्या टेबलावर असतो, आणि तो घरी येतो तोवर तिकिटे महाग झालेली असतात. कोणी जोखीम घेऊन आधीच काढतो. व्हिसा नाकारला गेला तर विमानाचे, हॉटेलचे काहीतरी वाचवता येते. ह्या तिकिटांचे नाही.

हा भेद गोव्यात जितका उघडा दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. 19 डिसेंबर 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, हे आपल्याला नवे नाही. माझ्याच नात्यातल्या दोन मावसभावांनी रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस असा एकत्र बेत आखला. एक पोर्तुगीज पासपोर्टवाला, इंग्लंडात राहणारा. दुसरा फोंड्याचा, भारतीय पासपोर्टवाला. पहिल्याने एका संध्याकाळी बसल्या बसल्या सगळी तिकिटे काढली. दुसरा व्हिसाची वाट बघत राहिला, आणि त्याच गाडीतल्या शेजारच्या आसनाला त्याने दुपटीहून अधिक मोजले. आजोबा दोघांचे एकच! एकाने नोंदणी केली, दुसऱ्याने केली नाही. त्यात कोण बरोबर, हा वाद मला इथे घालायचा नाही. पण रेल्वेचे भाडे त्यावर ठरावे, हे मला पटत नाही. कोणी म्हणेल की रेल्वे काही पासपोर्ट बघून भाडे लावत नाही. खरे आहे. नियम सर्वांना सारखाच, पण तो पाळणे ज्याच्या हातात आहे त्यालाच त्याचा लाभ.

तेव्हा आपल्या माणसाने काय करावे? माझे मत असे, की व्हिसा हातात येईपर्यंत परतावा नसलेले तिकीट काढूच नये. बेतच असा आखावा की त्याची गरज कमी पडेल. इटलीत ‘रेजोनाले’ म्हणजे प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरावर ठरलेले असते, आयत्या वेळी काढले तरी तेवढेच. रोमहून फ्लोरेन्सला वेगवान गाडी दीड तासात जाते. ह्या गाडीला साडेतीन-चार तास लागतात. पण आपण सुट्टीवर असतो ना? फक्त कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचे, नाहीतर दंड. स्वित्झर्लंडमध्ये साध्या तिकिटावर त्या दिवशीची त्या मार्गावरची कोणतीही गाडी चालते. महाग आहे, पण सरळ आहे.

दोन बारीक गोष्टी. परदेशी व्यवहार आपल्या नव्या कार्डावर मुळात बंद असतात, ते बँकेकडून आधी चालू करून घ्यावेत. आणि स्थानकांची नावे नीट बघावीत: व्हेनिसचे ‘मेस्त्रे’ पाण्याअलीकडे मुख्य भूमीवर, ‘सांता लुचिया’ खुद्द कालव्याच्या काठी. आपल्याकडे पणजी नावाचे स्थानक शोधणाऱ्या गोऱ्या पाहुण्याला करमळी कुठे ठाऊक असते!

पाहुण्यांवरून आठवले. 1 नोव्हेंबर 2024 पासून आपल्याला आपल्याच गाड्यांचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी मिळते. परदेशी पर्यटकांची मुदत मात्र 365 दिवसांचीच ठेवली, आणि ठरावीक गाड्यांत त्यांचा कोटाही वेगळा आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. लांबून येणाऱ्याची अडचण वेगळी असते, हे आपल्या रेल्वेने ओळखले. तिकडच्या रेल्वेंकडून कोट्याची अपेक्षा नाही. शेंगेन देश व्हिसा नाकारतात तेव्हा कारणांच्या रकान्यांचा एक ठरावीक नमुना भरून देतात. तो कागद दाखवला की स्वस्त तिकिटाचेही पैसे परत, एवढी एक ओळ त्यांनी आपल्या नियमांत घातली तर फोंड्याचा भाऊही त्याच संध्याकाळी तिकीट काढील.