एक्सप्लेनर : ऊन भरपूर, तरी व्हिटॅमिन डी कमी; लठ्ठपणात लिव्हरशी त्याचा संबंध काय?

बारामती, इंदापूर : कालव्याचे पाणी, उसाचे फड आणि वर्षातील बहुतेक महिने कडक ऊन ही या दोन तालुक्यांची ओळख. तरीही वजन खूप वाढलेल्या व्यक्तीच्या हातात अनेकदा दोन रिपोर्ट एकत्र पडतात. एकात व्हिटॅमिन डी कमी, दुसऱ्यात फॅटी लिव्हर. अशा वेळी ६० हजार युनिटची पुडी सुरू होते आणि लिव्हरचा रिपोर्ट फाईलमध्येच राहतो. चूक इथेच होते.

तीव्र लठ्ठपणा म्हणजे किती?
साधारणपणे बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल तर बीएमआय ३५ च्या पुढे जातो.

उन्हात राहूनही कमतरता का?
त्वचेवर ऊन पडले की व्हिटॅमिन डी तयार होते. मात्र ते चरबीत विरघळणारे आहे. शरीरात चरबी जास्त असेल तर ते तिथेच अडकते आणि रक्तात कमी उतरते. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारखेच अतिनील किरण दिल्यावर लठ्ठ व्यक्तींच्या रक्तातील व्हिटॅमिन डीची वाढ इतरांपेक्षा ५७ टक्के कमी दिसली. त्यातच गिरणी, दुकान, कार्यालय किंवा एमआयडीसीतील शेडमध्ये दिवस गेला, तर बाहेर ऊन असून उपयोग नाही.

लिव्हरची भूमिका काय?
त्वचेत तयार झालेले किंवा गोळीतून मिळालेले व्हिटॅमिन डी आधी लिव्हरमध्ये आणि नंतर किडनीत प्रक्रिया होऊन कामाचे बनते. लॅबमध्ये मोजले जाते ते लिव्हरमधून बाहेर पडलेले रूप. त्याची पातळी २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास कमतरता मानतात. लिव्हर सिरॉसिसपर्यंत खराब झाले, तर ही पातळी आणखी घसरते.

मग पुडी घेतल्यावर फॅटी लिव्हर बरे होते का?
तसा ठोस पुरावा नाही. इटलीत मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांना २४ आठवडे रोज २ हजार युनिट देऊन पाहिले. लिव्हरमधील चरबीत फरक पडला नाही. दोन्ही आजार एकत्र दिसतात, कारण दोन्हींच्या मुळाशी वाढलेली चरबी आहे. कमतरता असेल तर ती हाडे आणि स्नायूंसाठी जरूर भरून काढावी. लठ्ठ व्यक्तींना डोसही जास्त लागू शकतो. पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. आठवड्याची पुडी रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, किडनीला इजा असे धोके संभवतात.

लिव्हरसाठी काय तपासावे?
सोनोग्राफीत चरबी दिसते, पण लिव्हर किती कडक झाले हे नेमके कळत नाही. त्यासाठी ‘फिब-४’ हा हिशेब वापरतात. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एवढ्यावर तो निघतो. आकडा १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर इजेची शक्यता कमी असते. जास्त असल्यास पुढची तपासणी लागते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. त्यामुळे बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीला गेल्यावर लिव्हरबद्दलही विचारावे.

खरा उपाय कोणता?
वजन ५ टक्के घटले तरी लिव्हरमधील चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के घटल्यास सूज उतरते. म्हणजे ९० किलोच्या व्यक्तीने ९ किलो कमी केले, तरी मोठा फरक पडतो. गोड चहाचे कप, शीतपेये आणि तळलेले पदार्थ कमी करणे, रोज चालणे आणि दारू बंद करणे ही सुरुवात. तेवढ्याने न भागल्यास औषधे किंवा बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा पर्याय आहे. शस्त्रक्रियेनंतर मात्र व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम कायम घ्यावे लागते.

थोडक्यात : पुडीने रिपोर्टमधला आकडा सुधारेल. लिव्हर सुधारण्यासाठी काट्यावरचा आकडा खाली यावा लागेल.