कोच मॅडमचा रेझ्युमे

24 ऑगस्ट 2018, जकार्ता. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीची फायनल, भारत विरुद्ध इराण. महिला कबड्डी या स्पर्धेत आली 2010 ला, आणि 2010 व 2014 दोन्ही वेळा सुवर्ण आपलंच. यंदाही आपलंच, असं सगळे धरून बसलेले. इराण जिंकलं, 27-24 ने. आणि इराणच्या पोरींच्या कोच कोण? तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

त्या दिवशी आमच्या ऑफिसात चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "आपलीच बाई, आणि आपल्यालाच हरवलं?" मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. नडेला मायक्रोसॉफ्टचा बॉस झाला, पिचाई गुगलचा झाला, की आपण पेढे वाटायचे बाकी ठेवतो. आपल्यातले निम्मे लोक ऑनसाइटची वाट बघत दिवस काढतात. मग कबड्डीची कोच ऑनसाइट गेली तर ती एकदम फितूर कशी?

शैलजाताईंचा रेझ्युमे बघा ना. आयुष्यभर सरकारी क्रीडा खात्यात नोकरी, नाशिकला मुलींना कबड्डी शिकवणं. निवृत्तीनंतर भारतीय संघाची कोच व्हायची इच्छा होती, ते काम मिळालं नाही. तिकडून इराणची ऑफर आली. 2017 ला त्या गेल्या. स्वतः शाकाहारी, भाषा येत नाही. तिथे जाऊन फारसी शिकल्या, पोरींकडून योगासनं आणि प्राणायाम करून घेतले आणि साधारण दीड वर्षात सुवर्णपदक. साठीच्या आसपास, रिटायरमेंटनंतर, नवा देश, नवी भाषा, नवी टीम! आपण नवा फ्रेमवर्क शिकायचा म्हटलं तर दोन स्प्रिंट कुरकुर करतो.

पण खरा प्रश्न मला वेगळाच पडतो. जकार्ता झालं नसतं, तर शैलजा जैन हे नाव नाशिकच्या बाहेर किती जणांनी ऐकलं असतं? म्हणजे मुलींना खेळ शिकवणाऱ्या बाईची तीसेक वर्षांची करिअर आपल्याला दिसण्यासाठी तिने भारतालाच हरवावं लागतं. कमाल आहे.

आता थोडं आमच्या मुलखाकडे. मी मूळचा लातूरचा, इंजिनिअरिंग नांदेडला. लातूर म्हटलं की 'लातूर पॅटर्न' आलाच. त्याचा अभिमान मलाही आहे, माझं पोट त्याच्यावरच चालतंय. पण त्या पॅटर्नमध्ये पीटीचा तास गणिताचे सर घेत असत, हेही खरं. मैदान म्हणजे टेस्ट सिरीजच्या दिवशी सायकली लावायची जागा. खेळाचा संबंध यायचा तो ग्रेस मार्कांपुरता.

पोरांचं तरी बरं होतं म्हणायचं. त्यांच्यासाठी वस्ताद ही परंपरा आहे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 'रुस्तुम-ए-हिंद' झाले आणि पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पैलवान घडवले. सगळा महाराष्ट्र त्यांना 'मामा' म्हणायचा. तालमीतल्या पोराला विचारा, तो आधी वस्तादाचं नाव सांगेल, मग बापाचं. मुलींच्या खेळात 'मामी' किंवा 'मावशी' म्हणावं अशी बाई कुठाय? असतील, आहेतच. त्यांची नावं आपल्यापर्यंत येत नाहीत इतकंच.

आमच्या कॉलेजात 'स्पोर्ट्सचे सर' होते. एकटेच. बॅडमिंटनची शटलं मोजून देणं, मैदानावर फक्की मारणं, गॅदरिंगचा मांडव, परीक्षेचं सुपरव्हिजन, निवडणूक ड्यूटी, आणि वेळ उरला तर कोचिंग. माझ्या बॅचला कंधारकडची एक मुलगी होती, खो-खोत भन्नाट. खांब मारताना अशी वळायची की पळणारीला कळायचंच नाही. विद्यापीठाच्या संघात तिचं नाव आलं. बाहेरगावी स्पर्धा, पाच दिवस मुक्काम. घरून एकच प्रश्न आला: "सोबत मॅडम हाईत का?" मॅडम नव्हत्या. नाव कटलं. कुणी आरडाओरडा केला नाही, तिनेसुद्धा नाही. आता ती पुण्यात टेस्टिंगमध्ये टीम लीड आहे. दोन मुलं आहेत, चांगलं चाललंय. पण तो विषय निघाला की अजून गप्प होते.

म्हणून 'महिला कोच असायला हवी' हे मला समानतेच्या भाषणापुरतं वाक्य वाटत नाही. आमच्याकडे सोबतची मॅडम म्हणजे मुलीचं स्पर्धेचं तिकीट. मॅडम असेल तर बाप हो म्हणतो, नसेल तर नाही. बापाची मानसिकता बदलली पाहिजे वगैरे सगळं मान्य, पण ती बदलेपर्यंत त्या पोरीचं वय उलटून जातं त्याचं काय?

आणि कोच असला की काय होतं, हे बघायला इराणपर्यंत जायची गरज नाही. लातूरच्या शेजारी धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद). तिथली सारिका काळे, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या खो-खो संघाची कर्णधार, 2020 ला अर्जुन पुरस्कार. घरची परिस्थिती अशी की कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवण. 2016 मध्ये पैशाच्या अडचणीने खचून तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिचे कोच चंद्रजित जाधव यांनी समजावून तिला मैदानावर परत आणलं. त्या आठवड्यात त्यांनी कुठलंही तंत्र शिकवलं नसणार. पण कोचची निम्मी नोकरी हीच असते, आणि ती कुठल्याच जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसते. इथे कोच पुरुष आहेत, हेही मुद्दाम सांगतो. पुरुष कोच नकोत असं माझं म्हणणं नाहीच. पण प्रत्येक मुलीच्या गावात चंद्रजितसर नसतात.

अमेरिकेत 1972 ला 'टायटल नाइन' कायदा आला. कॉलेजांना मुलींच्या खेळांवर खर्च करणं भाग पडलं. त्याआधी मुलींच्या कॉलेज संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पुढे पगार वाढले, प्रतिष्ठा आली आणि हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. कामाला पैसे येऊ लागले की पुरुषांना त्याची गोडी लागते. सॉफ्टवेअरचाही इतिहास असाच आहे म्हणा, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तरी तिथली एक गोष्ट मला उचलाविशी वाटते. केटी स्टोन नावाची बाई 1994 पासून 2023 पर्यंत हार्वर्डच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची कोच होती. 1999 ला राष्ट्रीय विजेतेपद, पाचशेच्या वर मॅचेस जिंकल्या, 2014 च्या सोची ऑलिम्पिकला अमेरिकेच्या संघाची कोच, रौप्यपदक. शेवटी तिच्या वागणुकीबद्दल जुन्या खेळाडूंनी जाहीर तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी ती निवृत्त झाली. सांगायचा मुद्दा, यातलं सगळं नोंदलेलं आहे. जिंकलेलं, हरलेलं आणि तक्रारीसुद्धा. बाईंचं कौतुक करायचं तर आधार आहे, जाब विचारायचा तरी आहे. आपल्याकडे दोन्ही नाही. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ 1994 चंच. म्हणजे केटीबाईंची नोकरी आणि आमचं विद्यापीठ एकाच वयाचे! त्या काळात नांदेड-लातूरच्या कॉलेजांत मुलींना कुणी शिकवलं, किती संघ विद्यापीठापर्यंत गेले, किती पोरी पुढे खेळल्या, हे एका जागी वाचायला मिळेल का? नॅकच्या फाइलीत ढाली आणि हारतुऱ्यांचे फोटो असतात. फोटोत ढाल प्राचार्यांच्या हातात, कोच कोपऱ्यात.

हे काम अवघड नाही हो. एक स्प्रेडशीट. वर्ष, कॉलेज, खेळ, कोचचं नाव, सोबत गेलेल्या मॅडमचं नाव, निकाल, आणि त्या मुली पुढे काय करतात. अॅप नको, स्टार्टअप तर नकोच :-)

शीट मी या शनिवारी उघडली आहे. पहिली ओळ त्या कंधारच्या मैत्रिणीची भरली. 'सोबत गेलेल्या मॅडम' हा रकाना रिकामा आहे. दिवाळीला नांदेडला जातोय, तेव्हा आमच्या स्पोर्ट्सच्या सरांना गाठणार. ते आता रिटायर झालेत, पण जुन्या संघांच्या याद्या घरी ट्रंकेत असतील असं एकजण म्हणाला. तुमच्यापैकी कुणी नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या कॉलेजातून खेळलं असेल, तर नाव आणि वर्ष कळवा. फोटो असेल तर मागे उभं कोण आहे, तेही लिहा.